डायरेक्टरचा पगार आणि गेलेली नोकरी: दोन कागद एका टेबलावर कधी येतच नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेतल्या एका धर्मादाय संस्थेत मी अकरा वर्षं प्रोग्रॅम मॅनेजर होते. वय ५२. गेल्या आठवड्यात एकाच दिवशी ४१ जणांना कमी केलं, त्यात मीही. घरी येऊन संस्थेचा फॉर्म ९९० (धर्मादाय संस्था दरवर्षी कर खात्याला देतात ते जाहीर विवरणपत्र) उघडला, तर डायरेक्टरच्या, म्हणजे संस्थाप्रमुखांच्या, नावापुढे ४ लाख ८६ हजार डॉलर. आदल्या वर्षीच्या फॉर्मवर ३ लाख २० हजार होते. हे कायद्यात बसतं का? यांच्या पगारापायी आमच्या नोकऱ्या गेल्या का? आणि सहा आठवड्यांच्या पगाराच्या बदल्यात सही करायला जो कागद दिलाय, त्याचं काय करू?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याला मुदत आहे. सही करू नका, निदान अजून तरी. का, ते खाली येईलच.

मी बावीस वर्षं अशा संस्थांचे हिशोब पाहिले, त्यातली नऊ फायनान्स डायरेक्टर म्हणून. कपातीची यादी जिथे तयार होते त्या खोलीत मी बसलो आहे, आणि वरिष्ठांचा पगार जिथे ठरतो तिथेही मला कागद घेऊन बोलावलं जायचं. बाहेरून वाटतं की हे सगळं एकाच वेळी, एकाच माणसांनी ठरवलेलं असतं. तसं नसतं, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. त्यावर नंतर बोलू. आधी तुम्ही पाहिलेला आकडा नीट वाचू.

फॉर्म ९९० मध्ये पगार दोन ठिकाणी असतो. भाग ७ मध्ये पदाधिकारी, बोर्डाचे सदस्य आणि वरच्या पगाराचे कर्मचारी यांची यादी असते. ज्यांची एकूण रक्कम दीड लाख डॉलरच्या वर जाते, त्यांची फोड ‘शेड्यूल जे’ मध्ये मिळते. बहुतेक लोक भाग ७ पाहून थांबतात. तुम्ही शेड्यूल जे उघडा. त्यात ‘बी’ रकान्याचे तीन तुकडे आहेत: मूळ पगार, बोनस, आणि ‘इतर’. तुमच्या डायरेक्टरच्या बाबतीत १ लाख ६६ हजारांची उडी मूळ पगारात असेल असं मला वाटत नाही. बोर्ड कितीही उदार असलं तरी एका वर्षात मूळ पगार निम्म्याने वाढवत नाही. ती बहुधा ‘इतर’ मध्ये सापडेल. तशी सापडली तर शेवटचा ‘एफ’ रकाना पाहा. तिथे मोठा आकडा असेल तर त्याचा अर्थ असा, की ही रक्कम आधीच्या वर्षांच्या फॉर्मवर ‘पुढे द्यायची’ म्हणून एकदा दाखवून झाली आहे आणि या वर्षी ती प्रत्यक्ष हातात पडली. कर कायद्याच्या कलम ४५७(एफ) खाली असे करार करतात: पाच वर्षं टिकलात तर दरवर्षी बाजूला ठेवलेले पैसे एकदम तुमचे. पाचव्या वर्षी फॉर्मवर डोंगर दिसतो, सहाव्या वर्षी पुन्हा सपाटी.

याने डायरेक्टर निर्दोष ठरतात असं मी म्हणत नाही. पाच वर्षं टिकण्याचं बक्षीस अकरा वर्षं टिकलेल्या माणसाला का नाही, हा प्रश्न उरतोच. पण ‘पगार दीडपट केला’ असं म्हणून तुम्ही बोर्डाच्या अध्यक्षांना पत्र लिहिलंत, तर त्यांचा वकील एका ओळीत तुम्हाला चूक ठरवेल आणि बाकीचं पत्र कोणी वाचणार नाही.

आणखी एक. हा फॉर्म शिळा असतो. संस्थेचं आर्थिक वर्ष संपल्यावर साडेचार महिन्यांनी तो भरायचा, वर सहा महिन्यांची मुदतवाढ सहज मिळते, आणि पगाराचे आकडे त्या आर्थिक वर्षात संपलेल्या कॅलेंडर वर्षाचे. म्हणजे तुमच्यासमोरचा आकडा दीड-दोन वर्षांपूर्वीचा असू शकतो. कपातीच्या वर्षात डायरेक्टरने काय घेतलं ते आणखी वर्षभराने दिसेल. तेव्हा आठवणीने बघा. बघणारं कोणी नसतं या भरवशावर बरंच काही चालतं.

कर्मचाऱ्यांची संख्याही अशीच फसवते. पहिल्याच पानावर, भाग १ च्या पाचव्या ओळीत, ती असते. कपात झाल्यावर ती घटलेली दिसेल असं वाटतं. पण तिथे त्या कॅलेंडर वर्षात ज्या ज्या माणसाला पगाराचं करपत्रक दिलं त्या सगळ्यांची मोजदाद होते, जानेवारीत सोडून गेलेल्याचीसुद्धा. एका संस्थेने ज्या वर्षी माणसं काढली, त्याच वर्षी तिची ही ओळ वाढलेली मी पाहिली आहे, कारण काढलेले आणि त्यांच्या जागी हंगामी घेतलेले दोघेही मोजले गेले.

आता कायदा. लोकांची समजूत असते की ‘नॉनप्रॉफिट’ म्हणजे पगाराला कुठेतरी छत असणार. नाही. कर कायद्याचं कलम ४९५८ एवढंच म्हणतं की मोबदला ‘वाजवी’ हवा, म्हणजे तशाच परिस्थितीत तशाच संस्थेत तशाच कामाला साधारण जेवढा दिला जातो तेवढा. आणि ही तुलना नफा कमावणाऱ्या कंपन्यांशीही करता येते. हे कलम १९९६ साली आलं. त्याआधी कर खात्याच्या हातात एकच हत्यार होतं, संस्थेची करमाफीच काढून घेणं. म्हणजे डोकेदुखीवर शिरच्छेद. त्यामुळे ते क्वचितच उपसलं जाई. १९९२ मध्ये युनायटेड वे ऑफ अमेरिका या मोठ्या धर्मादाय संस्थेचे प्रमुख विल्यम ॲरॅमोनी यांना पगार आणि खर्चांवरून गदारोळ झाल्यावर पायउतार व्हावं लागलं, १९९५ मध्ये ते दोषी ठरले आणि तुरुंगात गेले. त्या काळातल्या अशा प्रकरणांनी मधला मार्ग शोधणं भाग पाडलं.

तो मधला मार्ग असा: वाजवीपेक्षा जेवढं जास्त घेतलं, त्यावर २५ टक्के कर घेणाऱ्या व्यक्तीने स्वतः भरायचा, शिवाय जादा रक्कम व्याजासह संस्थेला परत. परत केली नाही तर २०० टक्के. जाणूनबुजून मंजुरी देणाऱ्या बोर्ड सदस्यांवर १० टक्के, पण एका व्यवहाराला जास्तीत जास्त २० हजार डॉलर. कागदावर जबर आहे. पण बोर्डाने तीन गोष्टी केल्या की रक्कम वाजवीच आहे असं गृहीत धरलं जातं आणि चुकीची आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी कर खात्यावर जाते. निर्णय घेणाऱ्यांचा त्यात हितसंबंध नको. दुसऱ्या संस्थांचे पगार तुलनेला समोर हवेत. आणि हे सगळं वेळेत इतिवृत्तात लिहिलेलं हवं. वेळेत म्हणजे पुढच्या बैठकीपर्यंत किंवा साठ दिवसांत, जे नंतर येईल ते.

यात कपातीचा उल्लेख कुठे आहे? कुठेच नाही. माणसं काढलेल्या वर्षी डायरेक्टरला बोनस देणं बेकायदा नाही. दहा लाख डॉलरच्या वरच्या पगारावर संस्थेने २१ टक्के कर भरायचा असा नियम २०१७ च्या कायद्याने आला, पण तुमची संस्था त्या वर्गातली नाही.

तुलनेच्या या पद्धतीत एक गंमत आहे, तिला गंमत म्हणवत नाही खरं तर. प्रत्येक बोर्ड आपल्या पगार-सल्लागाराला सांगतं, ‘आमच्यासारख्या संस्थांच्या मधल्या पातळीला पगार ठेवा, जमल्यास थोडा वर, आमच्या डायरेक्टर काही सामान्य नाहीत.’ आता सगळ्यांनीच स्वतःला मधल्या पातळीच्या थोडं वर ठेवलं की पुढच्या वर्षी मधली पातळीच वर सरकते. मग पुन्हा पाहणी, पुन्हा थोडं वर. यात कोणी लबाडी करत नाही. प्रत्येक कागद स्वच्छ असतो. तुलनेच्या तक्त्यात किती संस्थांनी त्या वर्षी माणसं काढली हा रकाना मात्र मी कधीच पाहिलेला नाही, आणि तो घाला असं मी एकदाही सुचवलं नाही, हेही सांगून टाकतो.

मग पगारापायी नोकऱ्या गेल्या का? आकडे मांडू. तुमची संस्था मला माहीत नाही, म्हणून धरून चालतो. ४१ जण, सरासरी पगार ६५ हजार, वर विमा-कर वगैरे २५ टक्के. माणशी ८१ हजारांच्या आसपास, एकूण ३३ लाखांच्या वर. डायरेक्टरचा मूळ पगार ३ लाख २० हजार धरू आणि तो २० टक्क्यांनी कापू: ६४ हजार वाचले. एक नोकरीसुद्धा नाही. बरं, हाताखालचे सहा उपसंचालक दोन-दोन लाखांचे धरा, डायरेक्टरसकट सगळ्यांचे १५ टक्के कापा. २ लाख २८ हजार. पावणेतीन माणसं. बाकी अडतीस गेलीच असती.

हे सांगितलं की कर्मचारी माझ्यावर चिडायचे, ‘तुम्ही त्यांचीच बाजू घेणार.’ मग माझ्यासमोर बँकेच्या शिलकीचा आकडा ठेवायचे: तीस लाख पडून आहेत की! त्यांचा राग मला समजायचा, पण त्या तीस लाखांवर नावं लिहिलेली असतात. कोणी इमारतीला दिलेले, कोणी शिष्यवृत्तीला, कोणी अमुक राज्यातल्या अमुक प्रकल्पाला. ताळेबंदात, म्हणजे भाग १० मध्ये, ओळ २७ पाहा: देणगीदाराची अट नसलेली मालमत्ता. ओळ २८ अटींची. संस्था जगते ती २७ वर. त्यातूनही इमारत आणि सामान वजा करा (ओळ १०सी), कारण दरवाजे-खिडक्या विकून पगार होत नाहीत. उरलेल्या आकड्याला महिन्याच्या खर्चाने भागा. उत्तर तीनच्या खाली आलं, तर कपात आज ना उद्या येणारच होती, डायरेक्टर कोणीही असो. बारा आलं, तर मात्र बोर्डाला विचारण्यासारखं बरंच आहे.

त्यात सरकारी अनुदानं बहुधा परतफेडीची असतात. आधी स्वतःचे पैसे घालून काम करा, मग बिल पाठवा. २० जानेवारी २०२५ ला परदेशी मदत ९० दिवस थांबवण्याचा आदेश निघाला तेव्हा हे सगळ्यांना कळलं: पुढचं काम तर थांबलंच, पण झालेल्या कामाची बिलंही अडकली. मार्चमध्ये यूएसएआयडी या परदेशी मदतीच्या सरकारी संस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याची घोषणा झाली. ज्या संस्थांची हातची शिल्लक दोन महिन्यांचीही नव्हती, त्यांना विचार करायला वेळच मिळाला नाही.

सरकारी पैशातून पगाराला मर्यादा कुठेच नाही असंही नाही. आरोग्य खात्याच्या अनुदानातून एका माणसाचा पगार ठरावीक दराच्या वर लावता येत नाही. २०२५ साठी तो दर वर्षाला २,२५,७०० डॉलर होता. याचा उलटा परिणाम कोणी लक्षात घेत नाही. डायरेक्टरचा त्यावरचा पगार अनुदानातून निघत नाही, म्हणून तो अट नसलेल्या पैशातून निघतो. आणि तेच पैसे असतात, ज्यांतून अनुदान संपलेल्या माणसाला चार महिने सांभाळून घेता आलं असतं. म्हणजे वरचा पगार आणि तुमची नोकरी यांची भेट होते ती एकूण बजेटात नाही, या एका लहान डब्यात होते. डबा लहान, म्हणून तिथे ६४ हजारसुद्धा जाणवतात.

आता त्या दोन खोल्या.

कपातीची यादी एक्सेलमध्ये असते. माझ्या शेवटच्या यादीत सात रकाने होते: नाव, पद, पगार, रुजू तारीख, ग्रँटचा कोड (म्हणजे पगार कोणत्या अनुदानातून निघतो), त्यातून किती टक्के, आणि कोड कधी संपतो. एका बाईंची ओळ मला अजून आठवते. साठ टक्के एका कोडवर, चाळीस दुसऱ्यावर. साठवाला कोड जूनमध्ये संपत होता. त्यांच्याइतकं काम त्या विभागात कोणाला येत नव्हतं हे खोलीतल्या चौघांनाही ठाऊक होतं. पण ‘काम कसं आहे’ असा रकानाच नव्हता, आणि मुद्दाम नव्हता. वकिलांनी सांगितलं होतं की एकच निकष ठेवा, तो सगळ्यांना सारखा लावा. त्यांच्या जागी राहिला तो पूर्ण कोडवाला, आठ महिन्यांपूर्वी आलेला मुलगा. ‘संस्थेला तुमची कदर नव्हती म्हणून तुम्हाला काढलं’ असं तुम्हाला वाटत असेल, तर बहुधा तसं नाही. तुमचा कोड संपला. हे सांत्वन म्हणून फार बरं नाही, मला माहीत आहे.

दुसरी खोली पगार समितीची. तीन विश्वस्त, तिघेही विनामोबदला, तिघेही आपापल्या व्यवसायात डायरेक्टरपेक्षा कितीतरी जास्त कमावणारे, आणि त्यांतला एक विमानतळावरून फोनवर. सल्लागाराचा तक्ता आठ पानी. डायरेक्टरने आणखी दोन वर्षं टिकावं म्हणून ४० हजारांचा बोनस सुचवलेला. चर्चा सात मिनिटं चालली. मी बाहेर थांबलो होतो, म्हणून मला वेळ ठाऊक आहे. तीन आठवड्यांनी कपात झाली. समितीला कपातीची यादी दाखवलेली नव्हती, कारण ती व्यवस्थापनाची बाब. यादी करणाऱ्यांना बोनस ठाऊक नव्हता, कारण तो बोर्डाची बाब. दोन्ही ठाऊक असलेला माणूस इमारतीत एकच होता, मी, आणि मी दोन्ही कागद वेगवेगळ्या फायलींत ठेवले. विचारलं कोणी नाही, सांगितलं मी नाही. डायरेक्टरबाईंनी तो बोनस घेतला. वाईट बाई नव्हत्या. त्यांना कोणी हे दोन आकडे एका कागदावर लिहून दिले असते तर त्यांनी नको म्हटलं असतं असं मला आजही वाटतं.

म्हणून बोर्डाला लिहायचं असेल तर ‘डायरेक्टरचा पगार इतका का’ असं लिहू नका. त्याला उत्तर तयार असतं, आठ पानी. विचारा: कपातीच्या आधीच्या आणि नंतरच्या सहा महिन्यांत वरिष्ठांपैकी कोणाला पगारवाढ, बोनस किंवा टिकून राहण्याचा भत्ता मंजूर झाला का? झाला असेल तर त्या बैठकीत कपातीची माहिती समोर होती का? याला तयार उत्तर नसतं. शेड्यूल जे च्या पहिल्या भागात पगार कसा ठरवला याच्या खुणा असतात: समिती होती का, स्वतंत्र सल्लागार होता का, करार लेखी आहे का. त्याच पानावर पहिल्या वर्गाचा विमानप्रवास, घरभाडं, क्लबची वर्गणी यांचेही चौकोन आहेत. ते बघून घ्या. गेल्या तीन वर्षांचे फॉर्म संस्थेने मागणाऱ्याला द्यावेच लागतात. पण मागायची गरज नाही, कर खात्याच्या आणि प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेच्या साइटवर फुकट मिळतात. खरोखर गैरव्यवहाराचा संशय असेल, म्हणजे मेहुण्याच्या कंपनीला कंत्राट वगैरे, तर ‘शेड्यूल एल’ पाहा आणि मग राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात किंवा कर खात्याकडे फॉर्म १३९०९ वर तक्रार करा. नुसता पगार जास्त वाटतो म्हणून केलेली तक्रार फार पुढे जात नाही.

आता तुमचा कागद. वय ४० च्या वर आणि एकापेक्षा जास्त माणसं एकत्र काढलेली, म्हणजे १९९० चा संघीय कायदा लागू होतो. ‘वयावरून भेदभाव झाला असा दावा करणार नाही’ असं त्या कागदात असेल (असतंच), तर विचार करायला तुम्हाला ४५ दिवस द्यावे लागतात, आणि सही केल्यावरही सात दिवस ती मागे घेता येते. ‘शुक्रवारपर्यंत सही करा’ असं मनुष्यबळ विभागाने म्हटलं असेल तर ते घाई करताहेत, किंवा त्यांना नियम ठाऊक नाही. दोन्ही मी पाहिलंय. सोबत एक जोडपत्रही द्यावं लागतं: त्या विभागातून कोणत्या पदाची, कोणत्या वयाची माणसं काढली आणि कोणती ठेवली. नावं नसतात, पद आणि वय असतं. ते दिलं नसेल तर वयाच्या दाव्यापुरती ती सही टिकत नाही. ओबरे विरुद्ध एंटर्जी या १९९८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा वेळी घेतलेले पैसे परत न करताही दावा लावता येतो.

साठ दिवसांच्या आगाऊ नोटिशीचा संघीय नियम नॉनप्रॉफिटलाही लागू आहे, पण साधारण शंभर कर्मचारी आणि एका ठिकाणचे किमान पन्नास जण गेले तर. तुमचे ४१. तरी राज्याचा कायदा बघा. न्यूयॉर्कमध्ये पन्नास कर्मचाऱ्यांच्या संस्थेतून २५ जण गेले आणि ते त्या ठिकाणच्या एक तृतीयांश असले तर ९० दिवसांची नोटीस लागते. बेकारी भत्त्याचा अर्ज आजच करा. अनेक धर्मादाय संस्था या भत्त्यासाठीचा कर भरतच नाहीत, माणूस गेल्यावर राज्याला भत्त्याची डॉलरला डॉलर परतफेड करतात. म्हणून ‘राजीनामा म्हणून नोंदवू का, पुढे बरं दिसेल’ असा गोड सल्ला मिळाला तर त्यात कोणाचे पैसे वाचताहेत ते लक्षात येईल. नाही म्हणा.

सहा आठवडे हा आकडाही अंतिम नसतो. अकरा वर्षांना सहा आठवडे कमीच. संस्थेजवळ पैसे नाहीत हे खरं असलं तर आरोग्यविम्याचे दोन महिन्यांचे हप्ते मागा, ते अनेकदा मिळतात, कारण ते दुसऱ्या खात्यातून जातात. आणि संस्थेविरुद्ध कधीच काही बोलणार नाही असं कलम असेल तर ते वकिलाला दाखवा. तासाभराची फी जाईल, जाऊ द्या.

ते वयाचं जोडपत्र आलं की आधी ‘ठेवले’ ची बाजू वाचा. तुमच्याच पदाचे किती राहिले आणि ते किती वयाचे आहेत, एवढंच एका कागदावर उतरवा आणि तो कागद घेऊन वकिलाकडे जा.